हे ७३ वर्षांचे, दोन स्टेंट, शुगर, आणि चार महिने अमेरिका: ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठला घ्यावा?

दांडियाबाजारची काकू, वडोदरा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते. मराठी शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, थोडक्यात बोलायची सवय तिथेच मोडली.

मुलगा एडिसनला आहे, न्यू जर्सीत. सुनेचे ऑगस्टमध्ये दिवस भरतात, म्हणून आम्ही दोघं जुलैच्या सुरुवातीला निघून ऑक्टोबरअखेर परत येणार. येताना फ्रँकफर्टला भाचीकडे दहा दिवस. माझं वय ६८. थायरॉइडची गोळी आणि कुरकुरणारे गुडघे सोडले तर बरी आहे. खरा प्रश्न ह्यांचा. वय ७३, २०१९ साली दोन स्टेंट घातलेत, शुगर पंधरा वर्षांची, बीपीची गोळी वेगळी. मागच्या महिन्यातलं एचबीए१सी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, ७.९. ह्यांच्या मते ते "काठावर" आहे. कसला काठ, मला अजून दिसलेला नाही. रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला म्हणून जातात आणि येताना सेव-उसळ खाऊन येतात, वर तरी मागून घेऊन. शर्टावरचा डाग मी धुते, म्हणून ठाऊक.

सोमवारी एजंटभाई घरी आले. चहा झाला, लीलो चिवडा झाला, फॉर्म भरायला बसलो. एका पानावर विचारलंय: पूर्वीपासून काही आजार आहे का, आणि पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. मी "हो"वर खूण करणार तेवढ्यात ते म्हणाले, "काकी, ना लखी नाखो ने. हो लिहिलंत तर प्रीमियम वाढेल, तपासण्या मागतील, फुकटचं लफडं. तिकडे कोण बघायला बसलंय?" आमचे हे एकदम खूश. म्हणतात, "मी आजारी कुठे आहे? गोळ्या घेतो म्हणजे बराच आहे की!" मी पेनाला टोपण लावलं आणि सांगितलं, शुक्रवारी या.

तर माझ्या शंका अशा. माहितीपत्रकावर ५०,००० डॉलर मोठ्या अक्षरात आहेत. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात एक तक्ता आहे, साठीच्या पुढच्यांसाठी: खोलीचे दिवसाला इतके, आयसीयूचे इतके, सर्जनचे इतके. मग ते पन्नास हजार गेले कुठे? मुलगा म्हणतो इथली पॉलिसी नकोच, तिकडची घे, तिच्यात जुन्या आजाराचा "अ‍ॅक्यूट ऑनसेट" कव्हर होतो. हा शब्द मी तीनदा वाचला, तीन वेगळे अर्थ लागले. आणि ह्यांचं म्हणणं, बावीस वर्षांचा मेडिक्लेम आहे आपला, तोच तिकडे चालवू. त्याचं रिन्युअल सप्टेंबरात येतं.

कुणी प्रत्यक्ष यातून गेलं असेल तर सांगा. "ऑल द बेस्ट काकू" लिहायला येऊ नका.

सर्व्हे ते सेटलमेंट

काकू, सरकारी विमा कंपनीत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा क्लेमच्या टेबलावर. एजंटभाईंना माझा नमस्कार सांगा आणि "हो"वर खूण करा. कोण बघायला बसलंय म्हणाले ना? मी बसलो होतो.

फॉर्म भरताना कुणी तपासत नाही, हे त्यांचं खरं आहे. प्रवासी विमा दहा मिनिटांत निघतो, तो त्यामुळेच. तपासणी क्लेम आल्यावर होते. मोठी रक्कम दिसली की इथले जुने कागद मागवतात: डिस्चार्ज कार्ड, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि तुमच्याच मेडिक्लेमची फाइल. २०१९ ची अँजिओप्लास्टी मेडिक्लेमवर झाली असेल तर ती नोंद लपणार कुठे?

तुमच्या तक्त्याला आम्ही सब-लिमिट म्हणतो. पन्नास हजार ही एकूण कमाल रक्कम झाली, पण खर्चाच्या प्रत्येक खात्याला वेगळं कुलूप असतं. साठीच्या पुढे बहुतेक भारतीय कंपन्या हे कुलूप घालतात. सब-लिमिट नसलेला प्लॅनही मिळतो, महाग पडतो, आणि सत्तरीपुढे सगळ्याच कंपन्या देत नाहीत. एजंटला एकच वाक्य विचारा, "सब-लिमिटवाला की बिनसब-लिमिटचा?" तो जरा सावरून बसेल.

जुन्या आजाराचं म्हणाल तर भारतीय प्रवासी पॉलिसीत तो सहसा वगळलेला असतो. काही कंपन्या जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरता देतात, तोही ठरावीक रकमेपर्यंत, रुग्ण स्थिर होईस्तोवर. माहितीपत्रकात "जुने आजार समाविष्ट" एवढंच छापतात. पुढचं सगळं पॉलिसी वर्डिंगमध्ये, म्हणजे अटींच्या पूर्ण मजकुरात असतं, तो कागद हट्टाने मागा.

मेडिक्लेम: आपला साधा मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाही. पण म्हणून सप्टेंबरचा हप्ता विसरू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. वर्षाचा प्रीमियम एकदम भरणाऱ्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत मिळते, पॉलिसी तुटत नाही. पण त्या मधल्या दिवसांत दवाखान्यात जायची वेळ आली तर संरक्षण नसतं. आणि तुटली तर बावीस वर्षांची सलगता गेली. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली खरी, पण ७३ व्या वर्षी पहिल्यापासून तीन वर्षं मोजायची आहेत का? शिवाय तिकडचा विमा माणसाला स्थिर करून विमानात बसवण्यापुरता असतो. पुढची बायपास असो की काही, ती इथे येऊन याच मेडिक्लेमवर करायची.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाहीत. फ्रँकफर्ट. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना लागू असलेला. तो भारतीय कंपनीचा चालतो. पण भारतीय पॉलिसी बहुधा भारतातून निघाल्या दिवसापासून सुरू होते. अमेरिकेत चार महिने राहून मग मधूनच दहा दिवसांची काढू म्हणाल तर अडचण येईल. तारखा हलवता येत असतील तर भाचीकडे जातानाच जा. इथून फ्रँकफर्टपर्यंतची भारतीय पॉलिसी, अमेरिकेत नेवार्कच्या विमानतळावर उतरल्यापासून तिकडची. आणि दूतावास फक्त रक्कम, देश आणि तारखा बघतो. त्याने व्हिसा दिला म्हणजे ह्यांचे स्टेंट कव्हर झाले, असा अर्थ काढू नका.

मांजलपूरची सून

काकू, तुमचा फॉर्मचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अगदी हेच झालं, फक्त आमच्या सासूबाईंनी पेनाला टोपण नाही लावलं.

२०२२ मध्ये सासू-सासरे नणंदेकडे शिकागोला गेले. एजंटने "नाही" लिहिलं, सासऱ्यांनी सही केली. सहाव्या आठवड्यात ताप, खोकला, धाप. न्यूमोनिया निघाला, पाच दिवस ठेवून घेतलं. हृदयाचा संबंधच नव्हता. पण इमर्जन्सीत नर्सने विचारलं, आधीचा काही आजार? आणि दुभाषी होता गुजराती! सासऱ्यांना आपले आजार सांगायला फार आवडतं. आवाज बसलेला असताना त्यांनी २०१६ च्या अँजिओप्लास्टीची अख्खी कथा सांगितली: किती टक्के ब्लॉकेज होता, कुठल्या नळीत, डॉक्टर काय म्हणाले, शेजारच्या खाटेवर कोण होतं. शेजारची खाट सोडून सगळं कागदावर उतरलं.

कंपनीने तोच कागद पुढे केला. म्हणाले, न्यूमोनियाचा प्रश्न नाही, प्रपोजल फॉर्मवर खोटं लिहिलंत, तेव्हा करारच आम्हाला मान्य नाही. एजंट म्हणाला, सही तुमची आहे. ती होतीच. नणंदेच्या नवऱ्याने हॉस्पिटलशी बोलून बिल कमी करून घेतलं, हप्ते बांधून घेतले. दिवाळीला फोन आला की अजून सासरे विचारतात, "किती राहिले?" आणि जावई म्हणतात, "संपत आले बाबा." तीन वर्षं संपतच आलेत.

गप्पीदास

एवढं काय त्यात? अमेरिकेत इमर्जन्सीत कुणालाही परत पाठवता येत नाही, कायदाच आहे. विम्याचे पैसे वाचवा, नातवासाठी सोन्याची चेन घ्या.

एडिसनहून, मूळचा रावपुऱ्याचा

गप्पीदास, कायदा आहे, १९८६ चा. पैसे असोत-नसोत, हॉस्पिटलने तपासायचं आणि रुग्ण स्थिर करायचा, एवढं तो सांगतो. बिल येणार नाही असं त्यात कुठेही नाही. ते येतं, पाकिटातून, मुलाच्या पत्त्यावर. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं.

काकू, आईबाबांसाठी चार वेळा इथली व्हिजिटर पॉलिसी घेतलीय, त्या अनुभवावर लिहितो. इथे दोन जाती आहेत. फिक्स्ड बेनिफिटची स्वस्त असते: डॉक्टरच्या भेटीचे इतके, एक्स-रेचे इतके, असा दर ठरलेला, बिल कितीही येवो. तुमच्या तक्त्याचीच थोरली बहीण. दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह: आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरायचा, पुढचा मोठा वाटा कंपनी भरते, आणि नेटवर्कमधलं, म्हणजे कंपनीशी करार असलेलं हॉस्पिटल असेल तर बिल बहुतेक वेळा थेट कंपनीकडे जातं. काकांसाठी दुसरीच घ्या. डिडक्टिबल थोडा जास्त ठेवलात तर प्रीमियम उतरतो. छोटी बिलं मुलगा भरेल, आपल्याला भीती मोठ्याची आहे.

आता तो शब्द. अ‍ॅक्यूट ऑनसेट म्हणजे जुना आजार अचानक उसळला, आधी काही लक्षण नव्हतं, डॉक्टरांनी बजावलेलं नव्हतं, आणि तातडीने उपचार लागले. बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत उपचार सुरू झाले पाहिजेत अशी अट असते. हळूहळू वाढत गेलेलं त्यात बसत नाही. म्हणजे रात्री दोनला काकांच्या छातीत कळ आली, ९११ ला फोन केला, तासाभरात हॉस्पिटल: बसण्याची शक्यता आहे. पण तीन दिवस जिना चढताना धाप लागतेय, हे "गॅस असेल" म्हणत ओवा चावत बसलेत, आणि चौथ्या दिवशी गेले: बोंबला. माझ्या बाबांची ओव्याची डबी मी विमानतळावरच काढून घेतो. ओव्यात क्लेम जातो हो! शुगर वाढली म्हणून डॉक्टरकडे गेलात, नेहमीच्या गोळ्या घेतल्या, तपासण्या केल्या, हे कशातच बसत नाही. ते खिशातूनच.

वय नीट बघा. काही पॉलिसींत हे कलम सत्तराव्या वाढदिवसाला बंद होतं, काहींत ८० पर्यंत चालतं, पण सत्तरीनंतर रक्कम खाली येते. वर "कव्हरेज २,५०,०००" लिहिलेलं असतं आणि आत ७० ते ७९ साठी आकडा वेगळाच. काहींत हृदय आणि मेंदूच्या झटक्याला आणखी वेगळी मर्यादा. काहींत पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ४८ तास हे कलम लागूच होत नाही.

अजून एक. सर्दी-ताप, पाय मुरगळणं असल्या गोष्टींना इमर्जन्सीत नेऊ नका, अर्जंट केअर म्हणून छोटे दवाखाने असतात तिथे न्या. दाखल न होता इमर्जन्सीत जाऊन आलात तर कित्येक पॉलिसी जादा डिडक्टिबल लावतात. मुलाला सांगा, घराजवळचं नेटवर्कमधलं हॉस्पिटल आणि अर्जंट केअर, दोन्ही आजच शोधून फ्रिजवर लावून ठेव. रात्री दोनला वेबसाइट उघडत बसायला सुचत नाही.

सर्व्हे ते सेटलमेंट

एडिसनकरांनी उत्तम सांगितलं, एक पुरवणी जोडतो. भारतीय कंपनीने क्लेम नाकारला तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जायचं. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर अहमदाबादला विमा लोकपाल आहे. ५० लाखांपर्यंत, फी नाही, वकील नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. अमेरिकन पॉलिसीला हा दरवाजा नाही, तिकडचं भांडण तिकडेच. म्हणून तिकडची घेऊ नका असं मी म्हणत नाही. ह्यांच्या प्रकृतीला तीच बरी वाटते. पण कागद दुप्पट नीट ठेवा.

मांजलपूरच्या सूनबाई, न्यूमोनियाचा क्लेम स्टेंट लपवल्यामुळे जाणं, यात तुम्हाला अन्याय वाटतो ते समजतं. मलाही असे कागद परत पाठवताना हात जड व्हायचा.

कारेलीबागचा डॉक्टर

थोडक्यात. तपासणी निघायच्या आठवड्यात करू नका, दोन-तीन महिने आधी करा. इसीजी, टूडी एको, किडनीची तपासणी, एचबीए१सी. काही निघालं तर उपचाराला आणि औषध बसायला वेळ मिळतो. निघता निघता काही निघालं आणि तसंच गेलात, तर तेच "आधीचं लक्षण" ठरतं, आणि प्रकृतीच्या दृष्टीनेही ते चूकच. ७.९ वर आपल्या डॉक्टरांशी आत्ताच बोला.

सोबत न्या: स्टेंटचं कार्ड, डिस्चार्ज समरी, आणि जुन्या इसीजीची प्रत. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. तिथल्या डॉक्टरांना नव्या इसीजीशी ताडायला जुना मिळाला तर अर्ध्या शंका तिथेच मिटतात. औषधं पूर्ण मुक्कामाची अधिक पंधरा दिवसांची, हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपली ब्रँडची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत.

मांजलपूरची सून

डॉक्टरांच्या "औषध बसायला वेळ" वरून आठवलं. माझी आई भावाकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडील-आजीआजोबांसाठीच्या तिकडच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर गेली. त्याला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. तिच्या पॉलिसीत जुना आजार कव्हर होता, पण आधीचे १८० दिवस तो "स्थिर" असला पाहिजे अशी अट. निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी तिची बीपीची गोळी अर्धी केली. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो! भावाने वर्डिंग वाचलं तर डोस कमी होणं हासुद्धा बदलच. तब्येत सुधारली म्हणून अस्थिर. शेवटी प्रवास चार महिने पुढे ढकलला. काकू, तुमच्या पॉलिसीत असं काही आहे का, तेवढं बघून घ्या.

दांडियाबाजारची काकू, वडोदरा

सगळ्यांचे आभार. गप्पीदासांचेही, त्यांच्यामुळे कायदा कळला.

शुक्रवारी एजंटभाई आले. मी आधीच फॉर्म भरून ठेवला होता. "हो"वर खूण, आणि पुढच्या रकान्यात ठळक अक्षरात: अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट, २०१९, मधुमेह, उच्च रक्तदाब. जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं. मग विचारलं, "सब-लिमिटवाला की बिनसब-लिमिटचा?" खरंच सावरून बसले हो! चिवड्याचा हात तिथेच थांबला. वर्डिंग मागितलं तर म्हणाले मोबाइलवर पाठवतो. मी म्हटलं, छापून आणा, मला समासात खुणा करायच्या असतात. रावपुऱ्यातून छापून आणलं बिचाऱ्यांनी.

ठरलं ते असं. भाचीशी बोलले, आम्ही जातानाच फ्रँकफर्ट करतोय, जूनच्या शेवटी. तेवढ्यासाठी इथली शेंगेनची पॉलिसी, खरं लिहून. त्यात ह्यांचे स्टेंट जवळजवळ उघडेच आहेत, फक्त जिवावर बेतलं तर थोडे पैसे. दहा दिवसांची ती जोखीम आम्ही डोळे उघडे ठेवून घेतली. नेवार्कपासून दोघांची तिकडची कॉम्प्रिहेन्सिव्ह, मुलगा काढतोय. त्याने आधी निवडली होती तिच्यात ते कलम सत्तरीला संपत होतं. मी बाबांचं वय विचारलं तर दोन मिनिटं फोनवर शांत. आता ८० वाली घेतोय, इकडे परतेपर्यंतच्या तारखा घालून. मेडिक्लेमचा सप्टेंबरचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल अशी सोय बँकेत जाऊन केली.

ह्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी शुगरची एक गोळी बदलली. मुलाकडून तिकडच्या पॉलिसीचं वर्डिंगही मागवून वाचलं. स्थिर-अस्थिरची अट त्यात नाही, पण बदलाची तारीख लिहून ठेवलीय. सेव-उसळ आठवड्यातून एकदा, असा तह झालाय. मी आता कमाटीबागेत सोबत जाते.

औषधांचं मात्र डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात म्हणून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ह्यांची एक स्टीलची डबी आहे, जुनी, माझ्या हळदीकुंकवाच्या वाणातली. तिच्यात मावाव्यात म्हणून हे गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापतात, एकेक गोळी सुटी, टपाल तिकिटासारखी. नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, तीही अर्धी. "मला रंगावरून कळतात," म्हणे. विचारलं, गुलाबी कुठली? म्हणाले, बीपीची. ती पोटाची होती. नव्या अख्ख्या पट्ट्या आणून पाकिटासकट बांधल्या आहेत, आणि कात्री माझ्या पेटीत.

ओव्याची डबीही बॅगेतून काढली. दुसऱ्या दिवशी परत आत होती. पुन्हा काढली. आज दाढीच्या सामानात सापडली.